घरची वीज : दिवे बदलायचे, पण आधी कुठले?

जुने बल्ब आणि ट्यूब काढून एलईडी लावताना काय अडलं ते कळवा, असं मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून आठ पत्रांना इथे उत्तरं देते. ज्यांनी विजेच्या बिलाची प्रत जोडली त्यांचे विशेष आभार. आकडे समोर असले की उत्तर नेमकं देता येतं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी वर्षानुवर्षं मुलामुलींना वायरिंग शिकवलं. वर्गात मी पहिल्यांदा हेच विचारायची : हा दिवा रोज किती तास जळतो, आणि तो कशासाठी लावला आहे? पत्रं वाचतानाही हेच दोन प्रश्न हाताशी ठेवले होते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे जिन्यात आणि माळ्यावर अजून साठचे पिवळे बल्ब आहेत. स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत जुन्या जाड ट्यूब, न्हाणीघरात आणि बाल्कनीत सीएफएल. यजमान म्हणतात, एकदाच सगळं बदलू, बिल निम्म्यावर येईल. मला चालू वस्तू टाकून द्यायचं जिवावर येतं. कोणाचं खरं?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. एक वही घ्या आणि प्रत्येक दिव्यासमोर तो रोज किती तास चालू असतो ते लिहा. तुम्ही पत्रात बरंच दिलंय, त्यावरून मी मांडून दाखवते.

जिन्यातला बल्ब संध्याकाळी सातला लागतो आणि सकाळी सहाला बंद होतो, म्हणजे अकरा तास. ६० वॅट गुणिले ११ तास गुणिले ३० दिवस, भागिले हजार. महिन्याला जवळपास २० युनिटं झाली. तिथे ९ वॅटचा एलईडी लावला तर ३ युनिटं. एका दिव्यात १७ युनिटं वाचली. हा बल्ब आजच बदला. त्याची किंमत पहिल्याच बिलात वसूल होईल.

माळ्यावरचा बल्बसुद्धा साठचाच, पण तो दिवसाकाठी पाच मिनिटं लागतो. महिन्याला पाव युनिटसुद्धा होत नाही. तो जाईपर्यंत राहू द्या. न्हाणीघरातला सीएफएल १४ वॅटचा आहे. त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी आणून महिन्याला एक युनिटही वाचणार नाही. तोही पूर्ण वापरा. चालू वस्तू टाकवत नाही म्हणता, ते इथे अगदी बरोबर आहे.

ट्यूबचं मात्र ऐका. जाड ट्यूबवर ४० वॅट लिहिलेलं असलं तरी पट्टीतला तांब्याचा चोक स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो. मीटरला ती ट्यूब पन्नास-पंचावन्नाची दिसते. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी आली तर तुमच्या स्वयंपाकघराच्या सात तासांत महिन्याला सात युनिटं आणि बाहेरच्या खोलीत पाच युनिटं वाचतील. पट्टी महाग वाटली तरी चार-सहा महिन्यांत पैसे निघतात.

सगळं मिळून २९ युनिटं झाली. तुमचं बिल १६८ युनिटांचं आहे. म्हणजे सहावा हिस्सा कमी होईल, निम्मा नाही. पण रुपयांत बचत थोडी जास्त दिसेल, आणि त्याचं कारण बिलाच्या मागे छापलेलं असतं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० ची युनिटं त्याच्या जवळपास दुप्पट दराची. तुम्ही वाचवलेली २९ युनिटं वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून बचत मोजताना सरासरी दर धरू नका, वरच्या टप्प्याचा दर धरा.

आणि यजमानांना हेही सांगा की, बिल खरंच निम्म्यावर आणायचं असेल तर पुढचा मोर्चा पंखा आणि गीझरकडे वळवावा लागेल. साधा पंखा ७५ वॅट घेतो. बारा तास फिरला की महिन्याला २७ युनिटं. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला २८-३० वॅट घेतो. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी ३० युनिटं. दिव्यांपासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी की, तो सगळ्यांत कमी खर्चाचा बदल आहे.

एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये मोजावे लागत होते. जानेवारी २०१५ मध्ये स्वस्त एलईडी वाटपाची केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र केली गेली, आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. सर्वसामान्य घराला परवडेल अशा भावात चांगली वस्तू आणता येते, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे आता ‘एलईडी महाग पडतो’ ही सबब उरलेली नाही.

प्रश्न : देवघरात चोवीस तास झिरोचा लाल बल्ब असतो. नावातच झिरो आहे, तर त्याला वीज लागत नाही असं सासूबाई म्हणतात. तो बदलायची गरज आहे का?
– एक सूनबाई, कोल्हापूर

उत्तर : बदलाच, आणि सासूबाईंना हिशोब दाखवून, त्यांच्या संमतीने बदला. झिरोचा बल्ब १२ ते १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्याशा भाराची नोंद नीट होत नसे, म्हणून तो फुकटातला मानला जायचा. आताचं इलेक्ट्रॉनिक मीटर सगळं मोजतं. १५ वॅट चोवीस तास जळले की महिन्याला १०.८ युनिटं होतात. जेमतेम उजेड देणारा हा बल्ब स्वयंपाकघरात रोज सात तास जळणाऱ्या जाड ट्यूबइतकी वीज खातो आहे. अर्ध्या वॅटचा लाल किंवा पिवळसर एलईडी त्याच होल्डरमध्ये बसतो आणि महिन्याला अर्धं युनिटही घेत नाही. देवापुढचा उजेड त्याच रंगाचा राहील. निळसर पांढरा तेवढा घेऊ नका, तो गाभाऱ्यासारख्या जागेत डोळ्यांना टोचतो.

प्रश्न : मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मशीनवर एलईडी लावल्यापासून उजेड भरपूर आहे, पण धाग्यांचा मेळ चुकतोय. रात्री मरून समजून घेतलेली रीळ सकाळी तपकिरी निघते. दोन गिऱ्हाइकं परत आली. पूर्वीच्या पिवळ्या बल्बखाली असं कधी झालं नव्हतं. डोळे तपासून घेतले, ते ठीक आहेत.
– एक शिलाईकाम करणारी, बारामती

उत्तर : दोष दिव्याचा आहे. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण दुकानदाराला विचारलं तर तो ‘जास्त वॅटचा घ्या’ म्हणेल आणि तुमची अडचण तशीच राहील.

पिवळ्या बल्बमध्ये तार तापून लाल-पांढरी होते. तिच्या उजेडात इंद्रधनुष्यातले सगळे रंग सलग असतात, लाल तर भरपूर. एलईडी बल्बमध्ये असं नसतं. आतली चिप निळा उजेड देते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्यातला काही भाग पिवळ्या-हिरव्या-लाल रंगात बदलतो. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवायला फार वर्षं लागली. जपानमध्ये जन्मलेल्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण स्वस्त बल्बातल्या लेपात गडद लाल रंग कमी पडतो. उजेडातच लाल कमी असेल तर कापडावरचा लाल परत येणार कुठून? मग मरून, डाळिंबी आणि तपकिरी एका रांगेत जाऊन बसतात. राणी रंगाचंही तसंच होतं.

याचं माप असतं. खोक्यावर बारीक अक्षरात ‘सीआरआय’ असं लिहिलेलं असतं. पिवळ्या बल्बचा आकडा १०० च्या आसपास येतो. नेहमीच्या एलईडीचा ८० असतो. घरात वावरायला तो चालतो, पण तुमच्या कामाला पुरत नाही. तुम्ही ९० किंवा त्याहून जास्तीचा मागा. छोट्या दुकानात नसेल, तर शहरातल्या दिव्यांच्या मोठ्या दुकानात किंवा मागवून मिळेल. थोडा महाग पडेल. एका परत आलेल्या ब्लाउजच्या मजुरीपेक्षा मात्र जास्त पडणार नाही.

पांढरेपणाचं माप वेगळं आहे. तो आकडा केल्व्हिनमध्ये असतो : २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तुम्ही ४००० च्या जवळचा घ्या. फार पिवळसर दिव्यात नेव्ही ब्लू आणि काळा एक दिसतात, फार निळसर दिव्यात मातकट रंग मेल्यासारखे दिसतात. ही दोन मापं एकच समजू नका. ६५०० चा दिवासुद्धा रंग चांगले दाखवू शकतो आणि २७०० चा वाईट दाखवू शकतो.

विकत घ्यायला जाताना पर्समध्ये मरून, तपकिरी, डाळिंबी, राणी, काळी आणि नेव्ही ब्लू अशा रिळा टाका. दुकानदाराला दिवा लावायला सांगा, बाकीचे बंद करायला लावा आणि रिळा तळहातावर शेजारी शेजारी धरा. मग त्याच दुकानाच्या दाराशी दिवसाच्या उजेडात धरून बघा. दोन्हीकडे सारख्याच वेगळ्या दिसल्या तर दिवा घ्या. दुकानात गर्दी असली तरी संकोच करू नका, हे तुमच्या पोटापाण्याचं काम आहे. दिवा मशीनवर डाव्या बाजूने, सुईच्या थोडा मागे लावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टिपेवर पडणार नाही. आणि फॉल, अस्तर, धागा यांची निवड शक्य तेवढी दिवसा खिडकीशी उरकून ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीतल्या घरात एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. आधी पिवळा बल्ब होता तेव्हा असं नव्हतं. बल्ब बदलून पाहिला, दुसराही तसाच. शेजारी म्हणतात, बिल वाढेल. वाढेल का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : बिल नावापुरतं वाढेल. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते.

आधी बटणाकडे बघा. त्यात छोटा लाल दिवा आहे का? तो दिवा अंधारात बटण सापडावं म्हणून असतो आणि त्याच्यातून अगदी किंचित प्रवाह सतत बल्बकडे जातो. साठच्या बल्बची तार त्या प्रवाहाने कोमटही होत नव्हती, म्हणून कळत नव्हतं. एलईडीला तेवढंही पुरतं. कारण हे असेल तर धोका नाही. साधं बटण बसवून घ्या, मिणमिण थांबेल.

लाल दिवा नसेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे बटणाकडे जाणारी वायर दुसऱ्या चालू वायरशेजारून लांबवर गेली आहे आणि तिच्यात थोडा दाब उतरतो आहे. हेही फार घातक नाही. दुसरी शक्यता मात्र जुन्या वायरिंगमध्ये मी खूप वेळा पाहिली आहे : बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेलं असतं. अशा वेळी बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. दिवा विझलेला दिसतो म्हणून माणूस निर्धास्तपणे स्टुलावर चढून बल्ब काढतो आणि होल्डरच्या पिनेला बोट लागतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून देत असे की, बटण नेहमी फेज तोडणारं हवं.

म्हणून परवानाधारक वायरमनला बोलवा. त्याला सांगा की बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावून दाखव. टेस्टर ठळक पेटला तर त्या बोर्डावरची सगळी बटणं तपासून घ्या, कारण एका खोलीत उलट जोडणारा सहसा सगळ्या घरात उलटच जोडतो. काम तासाभराचं असतं. ते होईपर्यंत घरातल्या कोणीही मेन स्विच पाडल्याशिवाय बल्ब बदलू नये. तुम्ही स्वतः बोर्ड उघडू नका. आणि वायरमन आलाच आहे तर घरात आरसीसीबी बसवलेली आहे का तेही विचारा. विजेचा धक्का बसताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तुमच्या इमारतीच्या वयाच्या घरांत ती बहुधा नसते.

प्रश्न : एलईडी पंचवीस हजार तास टिकतो असं खोक्यावर लिहिलंय. आमच्या पडवीतले बल्ब पावसाळाही काढत नाहीत. ते काचेच्या बंद गोळ्यात आहेत. शिवाय दिव्याभोवती किड्यांचा नुसता खच पडतो.
– एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : पंचवीस हजार तास खोटे नाहीत, पण ते मोकळ्या हवेतले आहेत. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षांहून जास्त होतात. आणि त्या तासांचा अर्थ ‘बल्ब बंद पडेपर्यंत’ असा नसून उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंत असा असतो.

बल्ब मरतो तो बहुतेक वेळा चिप जळून नाही. खालच्या पांढऱ्या भागात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. जळालेला बल्ब उघडला की टोक फुगलेलं ते नळकांडं लगेच दिसतं. तुमचा काचेचा गोळा वरून-खालून बंद आहे, आत हवा खेळत नाही, बल्ब स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. गोळा खालून उघडा असलेला घ्या, किंवा गोळा तोच ठेवून ९ ऐवजी ५ वॅटचा बल्ब लावा. पडवीला तेवढा पुरतो.

दुसरं कारण तुमच्या भागातल्या विजा आणि खालीवर होणारा दाब. वळवाच्या पावसात तारांवर दाबाची एकदम उसळी येते. खोक्यावर ४ केव्ही सर्ज प्रोटेक्शन लिहिलेला बल्ब ती बऱ्याच अंशी सोसतो. भारतीय मानकाचा आर-अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) तारांकन खोक्यावर असल्याखेरीज बल्ब घेऊ नका. बिल आणि खोकं जपून ठेवा. चांगले उत्पादक मुदतीच्या आत बल्ब बदलून देतात, फक्त कोणी मागायला जात नाही.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की, कधी कधी मिक्सर लावला की एका खोलीतले दिवे प्रखर होतात आणि दुसरीकडचे मंद. हे ओझरतं घेण्यासारखं नाही. न्यूट्रल सैल झाला की असं होतं, आणि तो पूर्ण सुटला तर टीव्ही-फ्रिजसकट सगळं जळू शकतं. १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तोवर महागडी उपकरणं बंद ठेवा.

किड्यांसाठी पडवीत पिवळसर, २७०० केल्व्हिनचा दिवा लावा. किडे निळसर आणि अतिनील उजेडाकडे जास्त ओढले जातात. पूर्ण थांबणार नाहीत, पण कमी नक्की होतील.

प्रश्न : गावठी कोंबड्यांची पिल्लं आणली आहेत. खुराड्यात साठचे पिवळे बल्ब लावतो. बिल वाचवायला तिथेही एलईडी लावू का?
– एक शेतकरी, संगमनेर

उत्तर : तिथे अजिबात लावू नका. साठच्या बल्बमधली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन जाते. घरात हाच त्याचा दोष, पण पिल्लांना उष्णताच हवी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या अंगाजवळ ३२ ते ३५ अंश ऊब लागते. थंडीच्या दिवसांत पिलामागे साधारण दोन वॅट धरतात. एलईडीखाली उजेड भरपूर दिसेल आणि पिल्लं गारठून एकमेकांवर चढून मरतील. ती बल्बखाली दाटी करत असतील तर ऊब कमी आहे, लांब पळत असतील तर जास्त आहे, पसरून खात-पीत असतील तर बरोबर आहे. पिसं भरली आणि ऊब थांबवली की मग उजेडापुरता एलईडी लावा.

प्रश्न : सीएफएल हातातून पडून फुटला. नातवंडं जवळच होती. आतमध्ये विष असतं म्हणतात ते खरं का? आणि जुन्या ट्यूब कुठे टाकायच्या?
– एक आजी, पुणे

उत्तर : आजी, घाबरू नका. सीएफएलमध्ये आणि जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो. एक दिवा फुटल्याने मुलांना काही झालं असेल असं नाही. पण पाऱ्याची वाफ होते आणि ती श्वासात जाऊ नये, एवढी दक्षता घ्यायची.

पुन्हा कधी फुटला तर मुलांना बाहेर न्या, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीत कोणी जाऊ नका. मग जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. केरसुणी फिरवू नका आणि व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, दोन्हींनी पारा हवेत उडतो. सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवा.

जुन्या ट्यूब फोडून घंटागाडीत टाकायची आपल्याकडे सवय आहे. कचरा वेचणाऱ्या बायका तो कचरा उघड्या हातांनी वेगळा करतात. त्यांच्या श्वासाचा विचार करून तरी ही सवय सोडू या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि पाऱ्याचे दिवे त्यात येतात. ट्यूब अखंड ठेवा, तिच्या मूळ पुठ्ठ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, पण त्यातल्या सर्किटमुळे तोही ई-कचराच.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७८. खोलीत एलईडी लावल्यावर ते म्हणतात, दिवा डोळ्यांत जातो आणि पेपर मात्र दिसत नाही. म्हणून आम्ही आणखी मोठा लावला, तर आणखी कुरकुर. शिवाय जुनी ट्यूब काढून त्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवली ती सारखी लुकलुकते.
– एक नोकरदार सून, सोलापूर

उत्तर : सासरे कुरकुर करत नाहीत, ते नेमकं वर्णन करताहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या एक तृतीयांशच उजेड पोचतो, अठ्ठ्याहत्तरीत त्याहूनही कमी. शिवाय डोळ्यातलं भिंग धूसर झालेलं असतं. समोरच्या उघड्या, निळसर दिव्याचा उजेड त्यात पसरतो आणि डोळे दिपतात. त्यामुळे त्यांना उजेड जास्त हवा आहे, पण तो कागदावर. डोळ्यांत नको.

छताचा दिवा दुधी काचेआडचा आणि पिवळसर, ३००० केल्व्हिनचा करा. वाचायच्या खुर्चीशी खांद्याच्या मागून येणारा वेगळा दिवा द्या, ज्याचा बल्ब बसल्या जागेवरून दिसत नाही. खोक्यावर वॅट बघू नका, लुमेन, म्हणजे उजेडाचं माप बघा. जुना साठचा बल्ब सुमारे ७०० लुमेन द्यायचा; वाचनाला ८०० ते ९०० लुमेनचा घ्या, तो ९ वॅटमध्ये मिळतो. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला एक-अर्ध्या वॅटचे पिवळसर दिवे रात्रभर चालू ठेवा. सगळ्यांचं मिळून महिन्याला युनिटभर वीज जाईल. ही काटकसर करायची जागा नाही, रात्रीच्या पडण्यात मांडीचं हाड मोडलं की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं.

ट्यूबचं म्हणाल तर जुनी पट्टी पूर्ण काढून टाका. एलईडी ट्यूबचे प्रकार वेगवेगळे असतात. काहींना वीज एका टोकाने द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांनी. काही जुन्या चोकबरोबर चालतात, काहींसाठी चोक आणि स्टार्टर काढावाच लागतो. चुकीच्या जोडीने लुकलुक होते आणि कधी कधी शॉर्टही. अखंड एलईडी पट्टी घेतली तर फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी जोडायच्या असतात, गोंधळाला जागा राहत नाही. जुन्या चोकमधल्या तांब्याला भंगारात भाव मिळतो, तो वायरमनला नेऊ न देता मागून घ्या.

पंख्यांविषयी आलेली पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. लिहिणार असाल तर बिलाची प्रत आणि पंख्यावरच्या पट्टीवर छापलेले वॅट नक्की कळवा.